पैसा फंड व मावळांतील कलाशिक्षण

जुबिलीच्या वर्गणीचा हिशेब मांडतांना आम्हांस आमच्याच मावळांतील एका जुन्या वर्गणीचें स्मरण होतें.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा झाला, व मिशनच्या शाळांसही त्याचा लाभ झाला. परंतु अनुदानामागोमाग तपासनीस येई. मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावर रक्कम ठरूं लागली. हाताच्या कौशल्यास तींत वाव थोडाच.

अशा काळीं अंताजी दामोदर काळे ह्यांनीं पैसा फंड काढिला. प्रत्येकानें निदान एक पैसा द्यावा, व त्यांतून देशी उद्योग उभारावे. चौसष्ट दाते मिळतील तेव्हां एक रुपया! शुभवर्तमानांतील विधवेच्या दोन टोल्या ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस ह्याचें नवल वाटूं नये. लोकमान्य टिळकांनींही ह्या कार्यास पाठबळ दिलें.

ह्या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला. परदेशीं ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथील पहिले व्यवस्थापक. नळीच्या टोकावर वितळलेल्या कांचेचा गोळा घेऊन त्यांत बेतानें फुंकर घालणें पुस्तकांतून येत नाहीं. त्यास भट्टीपाशींच उभें राहावें लागतें. म्हणून हा कारखाना तरुणांची शाळाही झाला.

त्याच गांवांतील विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांचें समर्थ विद्यालय सरकारनें १९१० सालीं बंद पाडिलें. कारखान्याची भट्टी मात्र पुढें अनेक वर्षें पेटती राहिली, व तेथें शिकलेले कारागीर इतर प्रांतांतील कांच कारखान्यांत गेले.