यिद्दिश घरगुती उपचारग्रंथ

मध्य व पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या यिद्दिश भाषेत 17व्या व 18व्या शतकांत छापलेली घरगुती इलाजांची पुस्तके. साथीला, म्हणजे ‘मगेफे’ला, तोंड कसे द्यावे हा त्यांतला जिव्हाळ्याचा विषय. धर्मशास्त्र आणि विद्वानांचे लेखन हिब्रूत चाले. यिद्दिश ही घरची भाषा. तिच्या छपाईच्या खास टाइपाला ‘वायबरटाइच’ म्हणत आणि या नावातच बायका आहेत. रुग्णाच्या उशाशी बसणारीला वाचता येईल असे वैद्यक या पुस्तकांनी दिले, हे त्यांचे खरे मोल.

प्रागचा शल्यकार इस्साखार बेअर टेलर याचे ‘बेएर मायिम हाइम’ (जिवंत झऱ्याची विहीर) हे 17व्या शतकातले. टेलर हा योसेफ देल्मेदिगोचा शिष्य आणि देल्मेदिगो पादुआत गॅलिलिओच्या हाताखाली शिकलेला. विद्यापीठातली विद्या अशी दोन पिढ्यांत स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

प्लेग दूषित हवेतून येतो, अशी तेव्हा युरोपभर समजूत होती. म्हणून जुनिपरची धुरी, व्हिनेगर, रक्तमोक्षण, आपल्याकडेही परसात लावतात ती सताप आणि अनेक द्रव्यांचे ‘थेरियाक’ हे उपाय ज्यू व ख्रिस्ती शेजाऱ्यांत सारखेच होते. ज्यूंची स्वतःची भर म्हणजे ‘सगुले’, अर्थात ताईत व मंत्रपाठ. जेरुसलेमच्या मंदिरातील 11 द्रव्यांच्या धूपाचे वर्णन साथीत मोठ्याने म्हणत. अहरोनने धूप जाळून मरी थांबवल्याची बायबलातील कथा त्यामागे आहे. साथीत घराबाहेर पडू नये, हा तालमूदचा सल्लाही पाळला जाई. औषध आणि प्रार्थना यांत त्या घरांना विरोध दिसत नसे. आजच्या वाचकाने तो त्यांच्यावर लादू नये.

भीती घरात कशी शिरे, हे हॅम्बुर्गच्या ग्लिकलने 1691पासून लिहिलेल्या यिद्दिश आठवणींत दिसते. हॅम्बुर्गमधील प्लेगमुळे कुटुंब हानोवरला आले असता तिच्या लहान मुलीच्या काखेत गाठ दिसली. नातेवाइकांनी मुलीला मोलकरणीसोबत गावाबाहेर धाडले. आईला लेकीला जवळ घेता येईना. मुलगी मात्र धडधाकट निघाली.

1790मध्ये व्होल्हिनियातील पोरित्स्क येथे मोझेस मार्कुझेचे ‘सेफर रफुएस’ निघाले. स्विस वैद्य तिसो याच्या 1761च्या लोकवैद्यकावर आधारलेल्या या ग्रंथात मंत्र पुटपुटणाऱ्या बायका व भोंदू वैदू यांच्यावर कडाडून टीका आहे. ती यिद्दिशमध्येच आहे, म्हणजे ज्या घरांत त्यांना बोलावले जाई त्याच घरांसाठी.