आवरायचं कुणी? डिस्ट्रक्टरचा इतिहास

प्रोग्रामिंगच्या इतिहासात नवीन वस्तू घडवण्याची चर्चा पुष्कळ होते. काम झाल्यावर आवरायचं कुणी, याची त्या मानानं कमी होते. आजचा विषय तोच.

सी भाषेत आवरण्याची सगळी जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. मॅलॉकनं मेमरी घेतली की फ्रीनं परत करा, फाइल उघडली की बंद करा. फंक्शनमधून बाहेर पडायच्या पाच वाटा असतील तर पाचही ठिकाणी हे लक्षात ठेवा. एका वाटेवर विसरलात की मेमरी गळाली म्हणून समजा.

दुसरा मार्ग सिम्युला भाषेचा. तिथे गार्बेज कलेक्टर मागाहून झाडू मारायचा. बियार्न स्ट्राउस्ट्रप केंब्रिजमध्ये पीएच.डी. करताना सिम्युला वापरत होते. त्यांनी मोजून पाहिलं, तर प्रोग्रामचा ८० टक्क्यांहून जास्त वेळ या झाडूत जात होता, आणि गंमत म्हणजे त्यांच्या प्रोग्राममध्ये झाडण्याजोगा कचराच नव्हता!

१९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी ‘सी विथ क्लासेस’ सुरू केली. १९८३ मध्ये तिचं नाव सी प्लस प्लस झालं. घडवणारं फंक्शन आणि मोडणारं फंक्शन, अशी जोडी तिच्यात सुरुवातीपासून होती. मोडणारं ते डिस्ट्रक्टर. नियम साधा आहे: महिरपी कंस बंद झाला की आतल्या वस्तूंचे डिस्ट्रक्टर आपोआप चालतात, आणि तेही उलट्या क्रमानं. मांडव घालताना खांब आधी, कापड नंतर. उतरवताना कापड आधी, खांब नंतर. मागून आलेली वस्तू आधीच्या वस्तूवर टेकलेली असू शकते, म्हणून हा क्रम.

पुढे भाषेत एक्सेप्शन आले. मध्येच काही बिघडलं आणि फंक्शन अर्धवट सुटलं, तरी पूर्ण तयार झालेल्या स्थानिक वस्तूंचे डिस्ट्रक्टर, ते एक्सेप्शन कुठेतरी झेललं जात असेल तर, चालतातच. त्यामुळे फाइल, कुलूप, मेमरी यांची मालकी एखाद्या वस्तूकडे सोपवायची पद्धत रुळली.

पण मालकी म्हटलं की वाद आलाच. एकाच मेमरीकडे दोन पॉइंटर बोट दाखवत असतील तर मोडायचं कुणी? १९९८ च्या प्रमाणित आवृत्तीतला ऑटो पॉइंटर नक्कल करताना मूळ पॉइंटरच रिकामा करायचा. नाव नकलेचं, काम हिसकावण्याचं! २०११ मध्ये मालकी उघडपणे हलवण्याची सोय आली, युनिक पॉइंटर आला, आणि २०१७ च्या आवृत्तीतून ऑटो पॉइंटर काढून टाकला.

रस्ट भाषेनं हीच मालकी कंपायलरच्या ताब्यात दिली. मालक एकच, मालकी दिलीत की जुनं नाव वापरता येत नाही. मोडण्याच्या कामाला तिथे ‘ड्रॉप’ म्हणतात.

आता खरी कसोटी. १.० आवृत्ती १५ मे २०१५ ला यायची होती, आणि जेमतेम महिनाभर आधी एक भोक सापडलं. एका थ्रेडला दुसऱ्याच्या स्थानिक वस्तू उसन्या देण्याची एक सोय होती. थ्रेड संपेपर्यंत थांबायचं काम एका राखणदार वस्तूच्या डिस्ट्रक्टरकडे होतं. पण संदर्भ मोजणाऱ्या दोन वस्तूंनी एकमेकींना धरून ठेवलं, तर मोजणी शून्यावर येतच नाही आणि डिस्ट्रक्टर चालतच नाही. अशा जोडीत तो राखणदार अडकला, तर मूळ वस्तू गेल्यावरही थ्रेड तिथली मेमरी वाचत राहणार.

ती सोय मागे घेतली गेली आणि धडा पक्का झाला: डिस्ट्रक्टर चाललाच नाही तर फार तर मेमरी गळावी, सुरक्षितता मोडता कामा नये. २०२२ मध्ये, १.६३ आवृत्तीत, ती सोय परतली ती रचना बदलून. आता लायब्ररीचं फंक्शन स्वतःच सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबतं. राखणदार वापरणाऱ्याच्या हाती दिलाच जात नाही.

तेव्हा आवरण्यासाठी डिस्ट्रक्टर जरूर वापरा. फक्त तो चालला नाही तर काय होईल, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.