दिवसा राम, रात्री कृष्ण

कोकणच्या पावसावर लिहिणारे बहुतेक सारे लेखक मृगाच्या पहिल्या सरीवर लिहितात. जाणाऱ्या पावसाची दखल फारशी कोणी घेत नाही. पण दक्षिण कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्याने चार पावसाळे काढले आहेत, त्याला ठाऊक असते की आमचा शरद ऋतू पंचांगात जितका कोरडा असतो तितका अंगणात नसतो. सकाळी लख्ख ऊन पडावे, बायकांनी आनंदाने भात वाळत घालावे, आणि तिसऱ्या प्रहरी आंबोलीच्या घाटावर काळेभोर ढग जमून हस्ताचा गडगडाट सुरू व्हावा. मग सुपे, तट्टे, गोणपाटे गोळा करून सारे घर पडवीत पळते. ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस माणसाला शेतात राबवतो; हा आश्विनातला पाऊस मात्र त्याला घरात बसवतो.

आणि घरात बसलेला माणूस काय करतो? आपल्या इतिहासाच्या पुस्तकांना हा प्रश्न कधी पडलेला नाही. तहाच्या तारखा, लढाया, गादीवरची भांडणे यांतून त्यांना सवड नाही. मी गेली वीस वर्षे मुलांना त्याच तारखा पाठ करायला लावतो आहे, तेव्हा त्या तारखांशी माझे वैर नाही. पण ज्या गावात मी शिकवतो, त्या सावंतवाडीचे नाव दूर देशी गेले ते कोणत्या लढाईमुळे गेलेले नाही. ते गेले लाकडी खेळण्यांमुळे आणि गोल पत्त्यांमुळे. म्हणजे घरात बसलेल्या माणसांच्या हातांमुळे. यंदाच्या दिवाळीला त्या हातांचा थोडा इतिहास सांगावा, असे मनात आले.

गाव तसे लहान. नरेंद्र डोंगराच्या कुशीत, मधोमध १८७४ साली बांधलेला मोती तलाव, तलावाच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा. या गावाचे जुने नाव सुंदरवाडी. सावंत-भोसल्यांचे हे छोटे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. राजवाड्यापासून जवळच चितार आळी आहे. चितारी म्हणजे चितारणारे, रंगवणारे. गोमंतक आणि कारवारकडून ही घराणी इकडे आली असे सांगतात. लाकडाला रूप द्यावे, त्यावर लाखेचा रंग चढवावा, पाट-पाळणे रंगवावेत, श्रावणापर्यंत गणपतीच्या मूर्ती घडवाव्यात, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय.

पण रंगवणारे फक्त चितारी होते असे कोणी समजू नये. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी घराघरांतून गणपतीच्या मागची भिंत नव्याने रंगवली जाते. कोणाच्या भिंतीवर शेषशायी विष्णू, कोणाच्या भिंतीवर नुसती वेलबुट्टी आणि दोन मोर. त्या भिंतीपुढे आढ्याला माटी टांगायची. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, तेरडा, हरणाची फुले आणि रानातली आणखी कितीतरी फळे-पाने बांधली जातात. पोरे आठ-आठ दिवस रान तुडवून ही फळे आणतात. वनस्पतिशास्त्राचा एवढा चांगला तास मला वर्गात कधी घेता आलेला नाही. दसऱ्याला भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पाने एकत्र बांधून 'नवे' दाराला लावायचे. मग दिवाळीसाठी नव्या भाताचे पोहे कांडायचे. दुधातले, दह्यातले, गुळातले, फोडणीचे. यांतल्या कशालाही कोणी 'कला' म्हणत नाही. ते घरकाम. आणि मला वाटते, 'कला' म्हटली गेली नाही म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

आता गंजिफांकडे वळतो.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. नाव फारसी, आणि खेळही त्याच वाटेने आपल्याकडे आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचे वर्णन अबुल फजलाने 'आइन-इ-अकबरी'त केले आहे. मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पाने. त्यांत नाणी, तलवारी, मुकुट असा सारा दरबारी थाट. हा खेळ देशभर पसरला आणि ज्या मातीत गेला त्या मातीचा झाला. बंगालात विष्णुपूरला, ओडिशात, आणि आपल्याकडे सावंतवाडीला बादशाही चिन्हे बाजूला सरली आणि विष्णूचे दहा अवतार पत्त्यांवर येऊन बसले. आठ रंगांचे दहा झाले, ९६ पानांची १२० झाली. परमुलुखातून आलेली गोष्ट आपलीशी कशी करावी, याचा इतका गोड दाखला दुसरा नाही.

सावंतवाडीत या खेळाला राजाश्रय मिळाला तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, असे मानतात. हे १७५५ पासून १८०३ पर्यंत गादीवर होते. धर्मचर्चेसाठी दरबारी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांकडून राजेसाहेबांना हा खेळ कळला आणि त्यांनी आपल्या चिताऱ्यांकडून तसे जोड करवून घेतले, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर दोन तऱ्हा झाल्या. सोनेरी रंगाचे, नाजूक किनारींचे दरबारी जोड राजवाड्यात आणि सरदारांकडे गेले. साध्या रेघांचे, स्वस्तातले बाजारी जोड तुमच्या-आमच्या पडवीत आले. ज्या कलेला बाजारी तऱ्हा असते ती कला खऱ्या अर्थाने जिवंत असते. नुसत्या दरबारावर कोणतीही कला फार दिवस जगत नाही.

हा जोड होत असे कसा, ते सांगतो. जुन्या कपड्याचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. त्यावर खडूची पूड खळीत कालवून पुटे द्यायची, वाळली की गुळगुळीत दगडाने घोटायची. मग गोल चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि वरून लाखेचा हात द्यायचा. घरातल्या प्रत्येकाला यात काम होते. चिंचोके भाजून दळायचे आहेत, खळ शिजवायची आहे, चकत्या घोटायच्या आहेत, कुंचला तेवढा जाणत्याच्या हाती. चित्रे काढायला पावसाचे दिवस बरे, पण ओल्या हवेत खळ वाळत नाही आणि रंग चिकट राहतो. म्हणून शरदातल्या उन्हाची वाट पाहायची. सकाळच्या उन्हात चकत्या मांडायच्या आणि ढग दिसला की पोरांना हाका मारायच्या. भात आणि पत्ते एकाच अंगणात, एकाच घाईने आत येत.

शिक्षकाची खोड म्हणून एक हिशेब करतो. प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. मत्स्याच्या रंगात दश्शावर दहा मासे, कूर्माच्या दश्शावर दहा कासवे, परशुरामाच्या दश्शावर दहा परशू. एक ते दहाची बेरीज ५५. दहा रंगांची मिळून ५५० चिन्हे, आणि राजा-प्रधानांची २० चित्रे वेगळी. एका जोडासाठी एवढे सारे हाताने, छाप न वापरता काढायचे! आणि तेही सारखे हवे, नाहीतर पाठीवरून पान ओळखणारा लबाड भिडू दुसऱ्याच डावाला जोड बाद करणार.

खेळही सोपा नव्हे. भिडू तीन, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नाही. पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शाला मान, तर उरलेल्या पाचांत एक्क्याला. दिवसा डाव असला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री असला तर कृष्णाच्या. १२० पानांपैकी कोणती पडली आणि कोणती बाकी आहेत, हे डोक्यात ठेवावे लागते. माझी आजी गेली तेव्हा नव्वदीच्या घरात होती. तिने लहानपणी माहेरच्या पडवीत हा खेळ पाहिला होता, खेळलाही होता. शाळा तिने दोन यत्तांपलीकडे पाहिली नाही, पण वाण्याची उधारी कागदाशिवाय महिनाभर तिच्या डोक्यात राहायची. मी विचारले तर हसून म्हणायची, "झिला, दिसाक राम नि रातीक कृष्ण, इतक्या ध्यानात धर, बाकीचा आपसूक येता." दहा अवतारांचा क्रम तिला कोणत्या पोथीने शिकवला नव्हता, तो तिला पत्त्यांनी शिकवला.

मग हा खेळ गेला कुठे? त्याला कोणी बंदी घातली नाही, कोणी जाळला नाही. फक्त छापील विलायती पत्ते आले. चार रंग, बावन्न पाने, खिशात मावतील एवढी पेटी आणि किंमत अगदी कमी. ५५० चिन्हे हाताने काढणाऱ्या माणसाने यंत्राशी किती दिवस झुंजावे? १८८० च्या इंग्रजी गॅझेटियरात सावंतवाडीच्या कारागिरीची नोंद आहे. लाखेची खेळणी, गंजिफा, वाळ्याचे कलाकुसर केलेले पंखे यांचे तेव्हा नाव होते. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत पत्त्यांची ही कला इतकी आटली की १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक अभ्यासक गंजिफांचा शोध घेत गावी आला, तेव्हा जोड करून दाखवणारा एकच वयोवृद्ध कारागीर सापडला. त्यांचे नाव पुंडलिक चितारी.

ज्या दिवशी पडवीतले तीन भिडू उठले, त्या दिवशीच चिताऱ्याचा कुंचला वाळायला लागला होता. बाजारी जोड आधी गेला आणि दरबारी जोड त्याच्या मागून.

पुढची हकीकत सुखाची आहे. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चिताऱ्यांकडे स्वतः बसून ही कला शिकून घेतली. गादी गेली होती, संस्थान विलीन झाले होते. राज्य करायचे उरले नव्हते तेव्हा राजाराणीने हाती कुंचला घेतला. पुढे १९७० च्या दशकात राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा उभी राहिली, गावातल्या तरुण मुलामुलींना काम मिळाले, आणि सावंतवाडीच्या गंजिफा देशोदेशींच्या संग्राहकांकडे जाऊ लागल्या. आजही राजवाड्यात कारागीर बसून पत्ते रंगवताना दिसतात. एक मरणारी कला एका घराने वाचवली, आणि त्यासाठी त्या घराचे ऋण गावाने जन्मभर मानावे.

पण खेळ? तो मात्र वाचला नाही. आज जोड विकत घेणारा माणूस तो काचेच्या कपाटात मांडतो. पाहुणे येतात, "वा!" म्हणतात आणि चहा घेतात. १२० पाने कपाटात सुखाने बसतात. पण राम कोणावर चालून जात नाही, कृष्णाने रात्रीचा डाव उघडत नाही. वारस आला आणि बोली विसरला, तशातली ही गत. रंगवणाऱ्याचा हात आपण वाचवला; खेळणाऱ्याचा हात वाचवायचा राहिला. पहिले काम पैशाने आणि पुण्याईने होते, दुसरे मात्र फक्त फुरसतीने होते, आणि ती आज राजवाड्यातही विकत मिळत नाही.

गेल्या वर्षी मी वर्गातल्या मुलांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापायला लावल्या आणि दहा-दहा जणांना एकेक रंग वाटून दिला. मासे थोडे बेडकांसारखे झाले, आणि एका परशूला कोयत्याचा आकार आला. पण तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीन पोरे व्हरांड्यात बसून भांडत होती: "अरे, या रंगात एक्को मोठो, दश्शो नाय!" ते भांडण ऐकून मला जे समाधान झाले, ते कोणत्याही प्रदर्शनात झाले नव्हते.

वाचकहो, बलिप्रतिपदेला आपल्या वाडवडिलांनी द्यूताची मुभा ठेवली आहे, ती उगीच नव्हे. वर्षातून एक दिवस तरी घरातल्या लहानथोरांनी एका सतरंजीवर बसावे, हरावे-जिंकावे, थोडे भांडावे, असा त्यात हेतू असणार. तेव्हा कोणाच्या घरी गंजिफांचा जोड शोभेला ठेवलेला असेल, तर पाडव्याच्या संध्याकाळी कपाटाची काच बाजूला सरकवा. जोड नसेल तर पुठ्ठा आणि रंगपेटी पुरे आहे. मासे बेडकांसारखे झाले तरी चालतील. तीन भिडू जमवा, चाळीस-चाळीस पाने वाटा, आणि बाहेर पाऊस असो वा चांदणे, रात्र पडली असेल तर डाव कृष्णाने सुरू करा.