कारिवण्याची कुळकथा

पाऊस स्थिरावला की रायगडातल्या नागोठण्याच्या आसपास कुठल्याही भातखाचराच्या बांधावर वाकून पाहावं. पाणी झिरपतं त्या बाजूला, गवताच्या बुडाशी, जमिनीला धरून एक नाजूक वेल पसरलेली असते. पान रुपयाच्या नाण्याएवढं, कधी थोडं मोठं, गोलसर, देठाकडे खाच असलेलं आणि कडेला बोथट दाते असलेलं. ती ओढून काढायला गेलं तर सहज निघत नाही, कारण दर पेराला तिने मुळं धरलेली असतात. एकेक पेर सोडवावं लागतं. फुलं तर शोधावीच लागतात. पानांच्या खाली, मातीला जवळजवळ टेकलेली, किरमिजी रंगाची, बारीक. पान चुरडून हुंगलं की कोथिंबिरीची ओळख पटते. ते खरंच आहे, कोथिंबीर, ओवा, गाजर ज्या कुळातली, त्याच कुळातली ही.

हा कारिवणा. ग्रंथांत मंडूकपर्णी, बाजारात बहुतेक वेळा नुसती ब्राह्मी, गोव्याकडच्या कोकणी घरांत एकपानी. तिथे हिची ताकातली तंबळी करतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. हेच शेवटचं नाव आज कोरियाहून आलेल्या क्रीमच्या ट्यूबवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, किंवा त्याऐवजी 'सिका' असं लिहिलेलं असतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींना सिका म्हणजे काय ते विचारावं लागत नाही. लाल झालेली, चुरचुरणारी, मुरमांनी हैराण केलेली त्वचा शांत करणारं मलम, हे त्यांना पाठ असतं. बांधावरचा कारिवणा मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांनी हातात धरून पाहिलेला असतो. तांदळाचं पाणी, गोगलगायीचा स्राव, जिनसेंग, नायसिनामाइड अशी कोरियन सौंदर्यप्रसाधनांतली नावं पुष्कळ आहेत. मला माग काढायचा आहे तो या एकाचा, कारण त्याच्या प्रवासाचं एक टोक आपल्या पायाखाली आहे.

सर्वांत जुना धागा चरकसंहितेतला. बुद्धी वाढवणारी म्हणून चार मेध्य रसायनं तिथे सांगितली आहेत, त्यांत पहिलं नाव मंडूकपर्णीच्या स्वरसाचं. वय थोपवून धरणाऱ्या दहा वनस्पतींच्या यादीतही ती आहे. म्हणजे आजच्या जाहिरातीत 'अँटी-एजिंग' म्हणून जे सांगतात, त्या खात्यात तिचं नाव फार पूर्वी लागलेलं होतं. पण ते पोटात घ्यायच्या औषधाच्या संदर्भात, हे विसरून चालणार नाही. चेहऱ्याला लावायची क्रीम चरकाने सांगितली होती असं म्हणणं म्हणजे त्याच्यावरही अन्याय आणि ज्यांनी पुढचे कष्ट घेतले त्यांच्यावरही.

युरोपला हिची ओळख झाली ती सतराव्या शतकात, मलबारमध्ये. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात छापून घेतला. दहाव्या खंडात ही वेल तिच्या मल्याळी नावाने आणि चित्रासह आहे. या ग्रंथासाठी ज्यांनी माहिती दिली त्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचं १६७५ सालचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र ग्रंथाच्या सुरुवातीला छापलेलं आहे. मला या कहाणीतलं हे पान फार महत्त्वाचं वाटतं. कोणी काय सांगितलं, ते नावानिशी नोंदवलं गेलं. पुढे १७५३ मध्ये लिनीअसने हिला हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हटलं आणि १८७९ मध्ये इग्नाट्स उर्बान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सेंटेला या प्रजातीत तिची रवानगी केली.

आपल्या कोकणात तेव्हा लोक हिचं काय करत होते? त्याचं उत्तर मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी दिलं आहे. वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर त्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ मध्ये काढला. कोकणात तोतरेपणावर रोज सकाळी हिची एकदोन पानं खायला देतात आणि रक्तातल्या उष्णतेमुळे उठतं असं मानल्या जाणाऱ्या पुरळावर हिचा रस लावतात, अशी नोंद त्यांनी केली. पुरळावर रस! सव्वाशे वर्षांनी जे काम सिका क्रीमकडून अपेक्षित आहे, त्याची ही कोकणातली लेखी साक्ष. बाकी रायगडच्या चिखलात लावणी करणाऱ्यांच्या पायांना चिखल्या व्हायच्या तेव्हा हात जायचा तो मेंदीकडे आणि करंजेलाकडे, टाचांच्या भेगांसाठी कोकमतेलाकडे. कारिवणा खोबरेल तेलात माक्याबरोबर उकळून डोक्याला लागायचा.

त्वचेचं औषध म्हणून हिचं नशीब उघडलं ते मात्र एका भयंकर रोगामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉरिशस बेटावर बोआलो नावाचा फ्रेंच डॉक्टर होता. त्याला स्वतःलाच कुष्ठरोग झाला होता. १८५२ च्या सुमारास त्याने ही वनस्पती आधी स्वतःवर, मग इतर रोग्यांवर वापरली आणि गुण येतो असं जाहीर केलं. त्याच दशकांत मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासच्या जिल्ह्यांतले मजूर करारावर याच बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला जात होते. मॉरिशसचा मराठी समाज हा त्यांचा वंश. बोआलोची बातमी हिंदुस्थानात पोचली. पाँडिचेरीत लेपीन या औषधशास्त्रज्ञाने पानांचं पृथक्करण केलं. मद्रासच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात डॉ. हंटर यांनी १८५५ मध्ये रोग्यांवर प्रयोग केले आणि आपला निष्कर्ष सरळ सांगितला: हा कुष्ठरोगावरचा रामबाण उपाय नव्हे, पण रोगाची लक्षणं सौम्य व्हायला उपयोग होतो. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्ये या वनस्पतीला अधिकृत औषधाची जागा मिळाली.

हंटर यांचं हे वाक्य मी या सगळ्या इतिहासाचा कणा मानतो. दावा मोठा होता, त्यांनी तो तपासला, लहान केला आणि जेवढा उरला तेवढा ठामपणे मांडला. कुष्ठरोगाला खरं उत्तर विसाव्या शतकात डॅप्सोन आणि त्यानंतरच्या बहुऔषधी उपचारांनी दिलं. कारिवण्याने दिलं ते जखम भरण्याचं उत्तर.

पुढचा मुक्काम मादागास्कर. तिथल्या पानांतून बोंतेम्स याने १९४१ मध्ये एशियाटिकोसाइड हा घटक वेगळा केला. तिथल्याच कुष्ठरोग्यांसाठी पिएर बोआतो या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यावर काम चालू ठेवलं. त्याच्या जोडीला आले आल्बेर राकोतो रात्सिमामांगा, मादागास्करचेच सुपुत्र, पॅरिसमध्ये शिकलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. काही केल्या न भरणाऱ्या जखमांवर एशियाटिकोसाइड कसं चालतं हे त्यांनी १९५० च्या दशकात मांडलं आणि त्यातून फ्रान्समध्ये 'मादेकासोल' हे मलम तयार झालं. १९५७ मध्ये त्यांनी अंतानानारिव्होला स्वतःची संशोधन संस्था काढली. मादेकासोलच्या हक्कांतून आलेला पैसा तिच्या उभारणीला लागला. देश स्वतंत्र झाल्यावर ते त्याचे फ्रान्समधले राजदूतही झाले. आपल्या मातीतली वनस्पती आपल्याच माणसाने प्रयोगशाळेत नेली आणि मिळकत पुन्हा आपल्याच देशातल्या विज्ञानात घातली. हे भारतात, मुंबईत, अगदी रायगडातही होऊ शकलं असतं. वनस्पती होती, वापर होता, नोंदी होत्या. चिकाटीने मोजमाप करणारं कोणी नव्हतं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कोरियात हे मलम नेलं डाँगकूक या औषध कंपनीने, १९७० मध्ये. गुडघा फुटला, भाजलं, कापलं की कोरियन आई मादेकासोल लावणार, इतकं ते घरोघरी रुळलं. तिथल्या जेजू बेटावर आणि दक्षिणेकडे ही वनस्पती मूळची आहेच, आणि तिला 'वाघाचं गवत' असंही म्हणतात. जखमी वाघ हिच्यात लोळतो अशी तिथली समजूत. त्यामुळे २०१० नंतर कोरियन कंपन्यांनी जखमेच्या मलमातला हाच घटक रोजच्या क्रीममध्ये आणला तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. डाँगकूकनेच २०१५ मध्ये 'मादेका' नावाची क्रीम काढली. कित्येक ब्रँड आजही पाकिटावर मादागास्करचं नाव अभिमानाने छापतात, कारण पाला तिथून येतो. आणि ज्या ट्यूबेत ही क्रीम भरतात तशा ट्यूबेसाठी लागणारं पॉलिथिलीन आणि झाकणासाठी लागणारं पॉलिप्रॉपिलीन आपल्या नागोठण्याच्या कारखान्यात बनतं. गावाच्या एका बाजूला पाला आहे, दुसऱ्या बाजूला प्लास्टिक, मधली सगळी विद्या बाहेरून फिरून आली.

आता ही विद्या नक्की काय सांगते ते पाहू. कारिवण्यात चार घटक मुख्य आहेत: एशियाटिकोसाइड, मादेकासोसाइड, एशियाटिक ॲसिड आणि मादेकासिक ॲसिड. औषधात वापरतात तो प्रमाणित अर्क ठरलेल्या मापाचा असतो, साधारण ४० टक्के एशियाटिकोसाइड आणि उरलेला बहुतेक भाग ती दोन ॲसिडं. त्वचेच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजन हा त्वचेला ताठ ठेवणारा धागा त्याच विणतात. हे घटक त्या पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावतात, हे फ्रान्समधल्या रँस इथल्या माकार यांच्या गटाने १९९० मध्ये पेशींवर दाखवलं. मादेकासोसाइडचा भर दाह कमी करण्यावर आहे, म्हणून लाली आणि चुरचुर उतरते. २००८ मध्ये आणखी एक फ्रेंच प्रयोग प्रसिद्ध झाला. उन्हाने वय दिसू लागलेल्या २० स्त्रियांनी सहा महिने ५ टक्के व्हिटॅमिन सी आणि ०.१ टक्के मादेकासोसाइड असलेली क्रीम लावली, आणि सुरकुत्या व त्वचेचा लवचीकपणा यांत फरक पडला. प्रयोग लहान आहे आणि सोबत व्हिटॅमिन सी आहे, तेव्हा सगळं श्रेय कारिवण्याला देता येणार नाही.

त्या ०.१ टक्क्याकडे मात्र नीट पाहावं. ट्यूबवर '७० टक्के सेंटेला अर्क' असं छापलेलं असतं तेव्हा तो अर्क म्हणजे बहुतांशी पाणीच असू शकतं. घटकांच्या यादीत मादेकासोसाइड किंवा एशियाटिकोसाइड यांची नावं स्वतंत्र दिलेली आहेत का, हे तपासणं जास्त शहाणपणाचं. आणि ही क्रीम गोरं करत नाही. त्या आशेने कोणी घेत असेल तर पैसे वाया जातील, आणि ती आशाच मुळात टाकून द्यावी.

कोरियन बाटल्यांतली बाकीची मंडळीही आपल्याला परकी नाहीत. नायसिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, ते त्वचेचा वरचा थर बळकट करतं आणि डाग फिके करायला मदत करतं. हेच जीवनसत्त्व कमी पडलं की पेलाग्रा होतो, ऊन लागेल तिथली कातडी काळवंडून सोलते. दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतला हा रोग गोपालन आणि श्रीकांतिया या हैदराबादच्या संशोधकांनी १९६० मध्ये जगापुढे मांडला. तांदळाचं धुवण तर आपल्याकडे गुरांच्या आंबोणात जातं. कोरियन बायका त्याने तोंड धुवत. तांदळाच्या कोंड्यात फेरुलिक ॲसिड आणि ओरायझानॉल असतं, तेव्हा गिरणीत निघणाऱ्या कोंड्याचा विचार रोहा-पेणच्या भातकऱ्यांनी जरूर करावा.

कारिवण्याकडे परत यायचं तर दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. एक म्हणजे ओळख. ब्राह्मी या एकाच नावाने दोन वनस्पती विकल्या जातात. दुसरी बाकोपा, म्हणजे नीरब्राह्मी. तिची पानं लहान, जाडसर, मांसल, खोडावर समोरासमोर, आणि फुलं पांढरट-जांभळी, उघड दिसणारी. तिचे गुण वेगळे, रसायनं वेगळी. त्वचेसाठी हवी ती गोल पानाची, जमिनीला धरून सरपटणारी. ताज्या पानाचा रस लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर थांबावं, कारण काहींना या वनस्पतीचीच ॲलर्जी असते. उघड्या जखमेवर तर बांधावरून आणलेला कच्चा पाला कधीच ठेवू नये. मलम निर्जंतुक असतं, बांध नसतो.

दुसरी गोष्ट जागेची. कारिवणा मातीतले जड धातू पानांत ओढून घेतो. मलेशियात तर दूषित जमीन ओळखण्यासाठी त्याचा अभ्यास झाला आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेची गटारं, भरावाची जमीन, कारखान्यांच्या सांडपाण्याचे ओढे इथे तो हिरवागार वाढलेला दिसला तरी तोडू नये, चटणीसाठी तर नाहीच. खतं-औषधं न मारलेल्या आपल्या खाचराचा बांध, विहिरीची कड, डोंगराकडून येणारा झरा या त्याच्या खऱ्या जागा. तिथून मुळासकट दोन पेरं आणून पसरट कुंडीत, अर्धवट सावलीत, ओलसर मातीत लावली तर पावसाळाभरात कुंडी भरते, आणि मग पाला कुठून आला हा प्रश्नच उरत नाही.