बिनलशीची पाच माकडं

मे 2020. बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी तुम्ही उभे आहात. दगड तापलाय. पलीकडे हायवेवर ट्रक तुरळक, आणि डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं नागपूरच्या दिशेनं पायी चाललेली. कठड्यावर काळ्या तोंडाची वानरं बसलीत. सावलीला टेकलेल्या, तोंडाला दुपट्टा बांधलेल्या काकांना तुम्ही लाल तोंडाच्या माकडांचं विचारता.

"थे आपल्याइकडं कुठी राहते भाऊ? आपल्याइकडं हे वानेरंच. तुम्हाले कायले पायजे?"

लशीसाठी, असं सांगितलं तर काकांना पटणार नाही. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला खरोखरच ती हवी आहेत. कोरोनावरची कोव्हॅक्सिन लस लाल तोंडाच्या माकडांवर पारखायची आहे. तुम्हीही त्याच रस्त्यानं निघता. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती मागे पडतात. नागपूरकडच्या जंगलात वनखात्याची माणसं माग काढत फिरताहेत. टाळेबंदीनं बाजार, देवळं बंद झाली, माणसांच्या हातचं खाणं संपलं आणि माकडं रानात खोल शिरली. बरीच पायपीट झाल्यावर ती सापडतात. वीस.

पुण्यात, सर्वांत कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेत, हवाबंद पोशाखातून तुम्हाला स्वतःचाच श्वास ऐकू येतो. पाच-पाचचे चार गट केलेत. तीन गटांना बीटा-प्रोपायोलॅक्टोननं मारलेल्या विषाणूची लस, चौदा दिवसांच्या अंतरानं दोनदा. चौथ्या गटाच्या सुईत लस नाहीच. आणखी चौदा दिवसांनी वीसही जणांच्या नाकात आणि श्वासनलिकेत जिवंत विषाणू सोडतात. पुढे फुप्फुसांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली येतात तेव्हा लस घेतलेल्यांत न्यूमोनियाची खूण नाही. बिनलशीच्यांत आहे.

इथं आनंद होणं स्वाभाविक आहे. पण थोडं थांबा आणि तीस वर्षं मागे चला.

1989, अमेरिकेतलं लुईझियाना. पिंजऱ्यात तीच जात, लाल तोंडाची. भारतानं 1978मध्ये या माकडांची निर्यात थांबवली, तरी आधी गेलेल्यांची पिल्लावळ तिथं वाढते आहे, आणि एड्सच्या संशोधनात 'भारतीय वंशाचं' माकड आजही मागितलं जातं, कारण माकडांचा एड्स देणारा एसआयव्ही त्याला लवकर आजारी पाडतो. मायकेल मर्फी-कॉर्ब यांच्या गटानं हा विषाणू फॉर्मलिननं मारून लस केली आहे. नऊ माकडांना टोचली, मग जिवंत विषाणू दिला. आठ वाचली! प्रयोगशाळेतली माणसं एकमेकांकडे बघताहेत, तुम्हालाही वाटतं, झालं, आता माणसांची पाळी.

1991, इंग्लंड. अशाच लशीवर काम करणारे जेम्स स्टॉट आपल्या नोंदींवर वाकलेले आहेत. त्यांनी चार माकडांना लशीत विषाणू दिलाच नव्हता, ज्या मानवी पेशींत तो वाढवतात त्या नुसत्या पेशी टोचल्या होत्या. तुलनेपुरत्या. आणि पुढे जिवंत विषाणू दिल्यावर त्या चारपैकी दोन माकडंही वाचली होती.

लशीशिवाय कशी वाचली? विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या आवरणातली मानवी प्रथिनं अंगावर घेऊन येतो. माकडाच्या शरीराला ती परकी. लशीतला विषाणू मानवी पेशींत वाढलेला, नंतर सोडलेला जिवंत विषाणूही तसाच. म्हणजे पहारेकऱ्यानं चोराचा चेहरा ओळखलाच नव्हता, अंगावरचा उसना सदरा ओळखला होता. मग माकडाच्याच पेशींत वाढवलेला विषाणू सोडून पाहिला, तेव्हा ती लस कुचकामी ठरली. माणसात तर मानवी प्रथिनं परकी नसतातच.

त्या क्षणी त्या खोलीत राहणं अवघड आहे. जगभर माणसं मरत होती आणि हातातली आशा निसटत होती. तरीही स्टॉट यांनी निकाल 'नेचर'मध्ये छापला. माझ्या मते एड्सच्या लशीच्या इतिहासातलं हे मोठं काम आहे. आठ माकडांच्या आकड्यावर विसंबून माणसांना ती लस टोचली असती, तर सुरक्षित आहोत या समजुतीनंच कित्येकांना लागण झाली असती. म्हणून पुण्यातली ती बिनलशीची पाच माकडं मला लशीइतकीच मोलाची वाटतात. त्यांच्याशिवाय उरलेल्या पंधरांचं वाचणं सिद्ध झालं नसतं.

आता परत या. मारलेल्या विषाणूची युक्ती कोरोनावर चालली, 16 जानेवारी 2021 पासून कोव्हॅक्सिन दंडात जाऊ लागली. एचआयव्हीवर ती चालली नाही. तो सतत रूप बदलतो, आणि एकदा शिरला की आपल्या पेशींच्या जनुकांतच घर करतो. एड्सवर आजही लस नाही. औषध मात्र आहे, 2004पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतं, आणि वेळेत सुरू करून नियमित घेतलं तर माणूस जवळपास पूर्ण आयुष्य जगतो. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्या. ती मोफत आहे, आणि नाव गुप्त ठेवतात.