शिक्का आणि रेघ

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करून शिक्का उठविणे हे मुख्याध्यापकाचे नित्याचे काम. त्या जांभळ्या वर्तुळावर एखाद्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते, याचा सवयीने आपणांस विसर पडतो. सॉल स्टाइनबर्ग या रेखाचित्रकारास मात्र तो कधीच पडला नाही.

त्याचा जन्म १९१४ साली रुमानियातील एका ज्यू कुटुंबात झाला. १९३३ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्यासाठी तो मिलानला गेला आणि विद्यार्थिदशेतच ‘बेर्तोल्दो’ या विनोदी पत्रातील व्यंगचित्रांमुळे नावारूपास आला. १९३८ मध्ये इटलीने ज्यूविरोधी वांशिक कायदे केले. १९४० मध्ये त्याला पदवी मिळाली, ती ‘हिब्रू वंशाचा’ या नोंदीसह. विद्येचा गौरव करणाऱ्या कागदानेच त्याला त्या देशात परका ठरविले! १९४१ मध्ये काही काळ स्थानबद्धता भोगून तो लिस्बनमार्गे निसटला. पारपत्रात त्याने स्वतःच्याच रबरी शिक्क्याने थोडी ‘दुरुस्ती’ केली होती, असे सांगतात. अमेरिकेने रुमानियनांसाठी ठेवलेल्या जागा अगदी थोड्या; त्यामुळे सुमारे एक वर्ष त्याला डोमिनिकन प्रजासत्ताकात वाट पाहावी लागली. अखेर ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या साहाय्याने १९४२ मध्ये त्याला अमेरिकेत प्रवेश मिळाला. १९४३ मध्ये तो तेथील नागरिक व नौदलातील अधिकारी झाला आणि युद्धकाळात चीन, हिंदुस्थान, उत्तर आफ्रिका व इटली पाहून आला.

हा अनुभव त्याच्या कलेत मुरला. १९५४ च्या ‘द पासपोर्ट’ या चित्रसंग्रहात त्याने बनावट प्रमाणपत्रे रेखाटली. त्यांवरील हस्ताक्षर मोठे डौलदार, परंतु त्यातील एकही अक्षर वाचता येत नाही. अंगठ्याच्या ठशांतून त्याने मनुष्यांचे चेहरे घडविले. पुढे त्याच्या निसर्गदृश्यांतही रबरी शिक्के येऊ लागले. १९७६ सालच्या त्याच्या सुप्रसिद्ध मुखपृष्ठावर न्यू यॉर्कच्या एका रस्त्यापलीकडे उरलेले जग चिमुकले होऊन बसले आहे. १९७८ मध्ये व्हिटनी संग्रहालयाने त्याच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले; १९९९ मध्ये न्यू यॉर्क येथे तो निवर्तला.

कित्येकांनी त्याला केवळ विनोदी चित्रकार मानले. परंतु त्याच्या विनोदाचा रोख विद्येवर नव्हता. माणसाच्या जागी कागद मानण्याच्या वृत्तीवर होता. कागदाने त्याला हाकलले आणि कागदानेच तारले. म्हणून त्या उपहासात कडवटपणा थोडा आणि जाण अधिक आहे. दाखले देण्याचे काम आपणांस सुटणार नाही. मात्र शिक्का उठविताना समोरच्या मुलाच्या तोंडाकडे एकवार पाहावे, एवढे तरी या चित्रकाराकडून शिकण्यासारखे आहे.