सीझरची फौज आणि नागपूरकडची वीस माकडं

‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे सिनेमे टीव्हीवर परत परत लागतात. प्रयोगशाळेत जन्मलेला सीझर, घोड्यावर बसून बंदुका चालवणारी वानरसेना, माणसांशी लढाई. बघायला मजा येते. पण खरोखर सुटलेल्या माकडांचं काय होतं? नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनात, येमासी गावच्या संशोधन केंद्राचं दार नीट लावायचं राहिलं आणि ४३ ऱ्हीसस माकडं बाहेर पडली. लढाई-बिढाई काही नाही. बरीचशी कुंपणापाशीच घुटमळत, आतल्या सोबत्यांना साद घालत राहिली. खाण्याचं आमिष दाखवून त्यांना पकडलं. शेवटची चार जानेवारीत सापडली.

या ऱ्हीसस माकडांचा आणि आपला संबंध जुना आहे. १९३८ साली कारपेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून सुमारे ५०० माकडं बोटीने नेली आणि त्यातली ४०९ पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागो बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. मग पोलिओची लस आली. ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार व्हायची, त्यामुळे पन्नासच्या दशकात वर्षाला लाखाच्या वर माकडं परदेशी जाऊ लागली. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर जवळपास ४०० गुदमरून मेली, तेव्हा सरकारने निर्यात काही काळ थांबवली. पुन्हा सुरू केली ती वैद्यकीय कामासाठीच, या अटीवर. अमेरिकी लष्कर त्यांच्यावर किरणोत्साराचे प्रयोग करतंय हे बाहेर आलं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात कायमची बंद केली. मोरारजींची आपल्याकडे चेष्टाच जास्त झाली, पण हा निर्णय त्यांच्या नावावर आहे.

आता पुण्याकडे येऊ. आपली एनआयव्ही १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, माणसंही तापाने जाऊ लागली, तेव्हा त्यामागचा विषाणू शोधला तो पुण्याच्या याच संस्थेने.

आणि २०२०. कोव्हॅक्सिन माणसाला टोचण्याआधी माकडांवर तपासायची होती, आणि हवी होती ऱ्हीससच. माथेरानला हातातला खाऊ पळवतात ती बॉनेट जातीची, वेगळी. वन खात्याने ३० पकडायची परवानगी दिली, पण माकडं दिसेनात! लॉकडाऊनमध्ये माणसं घरात, खायला घालणारं कुणी नाही, म्हणून कळप आत जंगलात गेलेले. बरेच दिवस शोधल्यावर नागपूरजवळ सापडली. हा किस्सा आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी ‘गोइंग व्हायरल’ या पुस्तकात सांगितलाय आणि लशीच्या यशाचं श्रेय या माकडांनाही दिलंय. पुण्यात किती जणांना हे ठाऊक आहे? मला तर आजवर फार कुणी भेटलं नाही.

एकूण वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लस दिली, चौथ्याला नुसतंच इंजेक्शन. मग विसांनाही मुद्दाम करोनाची लागण केली आणि फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. लस घेतलेल्या पंधरांत न्यूमोनियाची खूण नव्हती. उरलेल्या गटात होती.